चामडी, चामट आणि लेदर्न

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अनगोळात चार दिवस झड लागून राहिली होती. शाळेला सुट्टी मिळालेली. नात माझ्या कॉटवर पालथी पडून शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ वाचीत होती. मध्येच तिने विचारले, “आबा, लेदर्न म्हंजे काय?”

मी पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस. चटकन् सांगून टाकले, “चामड्याचा.”

“मग वटवाघळाचे पंख चामड्याचे कसे?”

पुस्तक हातात घेऊन पाहिले. पऱ्यांची राणी आपल्या दासींना कामे वाटून देते आहे. त्यातल्या काहींनी वटवाघळांशी लढून त्यांचे पंख आणायचे, कारण लहान पऱ्यांना अंगरखे शिवायचे आहेत. त्या पंखांना ‘लेदर्न’ म्हटले आहे. जिवंत वटवाघळाचे पंख कुणी कमावलेले नसतात, त्यामुळे माझा ‘चामड्याचा’ तिथे बसेना. हाच शब्द शेक्सपिअरने ‘अॅज यू लाइक इट’मधल्या जखमी हरणाच्या अंगावरच्या कातडीलाही लावला आहे. याउलट १६११च्या इंग्रजी बायबलात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या कमरेला जो ‘लेदर्न’ पट्टा आहे तो सरळसरळ चामड्याचा. म्हणजे जिवंत कातडी आणि कमावलेले चामडे, दोन्ही या एका विशेषणाच्या पोटात.

शब्दाची घडण जुनी आहे. लाकडाला ‘वुडन’, सोन्याला ‘गोल्डन’, लोकरीला ‘वुलन’, तसाच चामड्याला ‘लेदर्न’. जर्मन लोक आजही ‘लेडर्न’ म्हणतात. इंग्रजांनी मात्र तो कवितेत आणि जुन्या ग्रंथांत ठेवून दिला आणि व्यवहारात ‘लेदर’ हे नामच विशेषणासारखे वापरायला सुरुवात केली. आपण उचलले ते नेमके हेच. लेदर बॅग, लेदर बेल्ट.

मला आठवण झाली ती माळ्यावरच्या मोल्सवर्थची. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेले ते पुनर्मुद्रण मी पगारातून हप्त्याहप्त्याने पैसे देऊन घेतले होते. जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापला गेला १८३१ साली, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. आपल्या भागाला याचे थोडे अगत्य हवे, कारण या कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ साली तयार केली ती बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी. ‘यमुनापर्यटन’वाले तेच. त्यांचा जन्मही १८३१चाच, पण हा निव्वळ योगायोग.

मोल्सवर्थमध्ये पखाल, बुधला अशा शब्दांपाशी गेले की ‘लेदर्न’ भेटतो. इंग्लंडात म्हातारा होत चाललेला हा शब्द आमच्या विहिरी-आडांवरच्या वस्तू सांगताना किती कामाला आला! पाणी वाहायची पखाल, तेला-तुपाचा बुधला, मळ्यातली मोट, बैलाची वादी, आसूड. सगळा संसारच चामड्यात शिवलेला. बुधला आता नाटकातल्या शिवीपुरता उरला आहे.

मराठीत या शब्दाला जोड कोणती? लोखंडी, लाकडी, सुती, रेशमी या ओळीत ‘चामडी’ बसायला हवा. ‘चामडी पट्टा’ म्हणता येतेच. पण ‘चामडी’ म्हटले की डोळ्यांपुढे आधी अंगावरची कातडी येते, ‘चामडी लोळवीन’ मधली. म्हणून आपण बिचकून ‘चामड्याचा’ म्हणतो. दुसरा भाऊ ‘चामट’. कालची भाकरी चामट होते, आमच्या घरी तिला वातड म्हणतात. आणि वटवाघळापुरते म्हणाल तर शेक्सपिअरच्या कितीतरी आधी संस्कृताने त्याला ‘चर्मचटका’ म्हणजे चामड्याची चिमणी असे नाव देऊन ठेवले होते. मराठीतली चामचिडी ती हीच. नातीला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

कन्नडात कातडी आणि चामडे दोन्हींना ‘तोगलू’. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तो ‘तोगलू गोंबेआट’. खाली सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर लोकही चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कातडे टिकाऊ करण्याच्या क्रियेला मात्र दोन भाषांनी वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले आहे. आपण कातडे ‘कमावतो’, जसे शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो. कन्नड माणूस त्याला ‘हद’ आणतो. हद म्हणजे योग्य ती अवस्था. पेरणीजोग्या ओलीलाही ते हदच म्हणतात, आपण जिला वाफसा म्हणतो. (सीमाभागात ‘हद्द’ ऐकले की कान टवकारतात, पण ही हद त्यातली नव्हे.)

कमावणे हे सोपे काम नव्हते. कातडे चुन्यात भिजवून केस काढायचे, मग त्याचीच पिशवी शिवून टांगायची आणि तीत बाभळीच्या सालीचे व हिरड्याचे पाणी भरायचे. ते आतून बाहेर झिरपत राही, पुन्हा भरावे लागे. दिवसच्या दिवस हे चाले. हात काळे पडत आणि वास अंगाला चिकटे. या वासावर गावाने त्या लोकांची जागा गावाबाहेर ठरवली.

इथे मला आमच्याच मळ्याबद्दल लिहायला हवे. विहिरीवर माझ्या लहानपणी मोट होती. मोट फाटली की वस्तीवरचे एक म्हातारे चर्मकार येत. त्यांना आम्ही पोरे ‘मामा’ म्हणायचो. दिवसभर धावेच्या कडेला बसून ते ठिगळ लावीत, वादीने शिवीत, तेल चोळीत. सुगीला खळ्याच्या कडेशी त्यांचे बलुते मोजले जाई. त्यांना तहान लागली की आजी तांब्या वर धरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओती. ते पाणी त्यांनीच शिवलेल्या मोटेतून वर आलेले असे. त्याच पाण्याने आमची पूजा होई, त्यावर भात पिके. चामड्याला विटाळ नव्हता, शिवणाऱ्या हाताला होता. आजी दुष्ट नव्हती. मीही कधी काही विचारले नाही, आणि विचारण्याइतका मोठा झालो तोवर मामा गेले होते.

हीच आजी, माझ्या वडिलांना टायफॉइडमधून वाचवणाऱ्या डॉक्टरांबद्दल बोलताना म्हणे, “माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.” हा वाक्प्रचार आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. तो कधी कुणी खरा केला असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या एका कन्नड मास्तरांनी मला हरळय्याची कथा सांगितली तेव्हा मी गप्प झालो.

बाराव्या शतकातले कल्याण, म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. परंपरा सांगते ती अशी : समगार हरळय्याने वाटेत बसवण्णांना एकदा ‘शरणु’ म्हटले. त्यांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटले, एकाच्या बदल्यात दोन. हे ऋण हरळय्याला पेलेना. त्याने आणि त्याची बायको कल्याणम्मा हिने आपापल्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पायताण शिवले. बसवण्णांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतले. पुढे हरळय्याच्या मुलाचे लग्न मधुवरसाच्या मुलीशी झाले. मधुवरस जन्माने ब्राह्मण. या लग्नापायी बिज्जळ राजाने दोघा व्याह्यांना देहान्त शिक्षा दिली आणि कल्याणात रक्त सांडले. मराठीत ज्याचा वाक्प्रचार झाला, कन्नडात त्याला माणसाचे नाव आहे.

आता मोट नाही, मळ्याचे प्लॉट झाले. चामड्याचा धंदा आपल्याकडे उरला तो पायताणाचा. निपाणी, अथणीकडे तयार झालेला जोडही बाजारात कोल्हापुरीच ठरतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाची बातमी आली तेव्हा त्यात आठ जिल्हे होते : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून २०२५मध्ये मिलानला प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या आणि त्यांना नुसते ‘लेदर सँडल’ म्हटले. गवगवा झाल्यावर मूळ भारतातले असल्याचे तिने मान्य केले. दोन राज्यांची भांडणे न्यायालयात पडून आहेत, पण चपलेच्या कागदावर दोघांची नावे एकाखाली एक आहेत.

नातीला मी माळ्यावरून मोटेच्या सोंडेचा एक तुकडा काढून दाखवला. सुकून कडक झाला होता. तिने तो वाकवून पाहिला, हुंगला, आणि म्हणाली, “चामट झालाय.” मग विचारले, “मामांचं नाव काय होतं?”

मला ते आठवेना. थोरल्या भावाला खानापूरला फोन केला. त्यालाही आठवले नाही.