दूत कोणाचा? हैदराबाद, पॅरिस आणि १९४८

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई आज जालना जिल्ह्यात आहे. १९४८ साली हा मुलूख निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. त्याच्या आदल्याच दिवशी पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचे शिष्टमंडळ उभे होते, याचे स्मरण आपण क्वचितच करतो.

परक्या दरबारी दूत धाडण्याचा हैदराबादचा अधिकार फार पूर्वीच आकसला होता. १८०० च्या तहाने निजामाने कंपनीला कळविल्यावाचून अन्य सत्तेशी वाटाघाटी न करण्याचे कबूल केले. १९२६ मध्ये वऱ्हाडच्या प्रकरणात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ब्रिटिश सत्ताच सर्वोच्च असल्याचे निजामाला बजावले. १९४७ मध्ये ही अधिसत्ता संपुष्टात आली, तेव्हा सार्वभौमत्व आपल्याकडे परतले, असा निजामाने अर्थ लावला. दिल्लीचे म्हणणे असे, की २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानुसार परराष्ट्र व्यवहाराची जुनी व्यवस्थाच पुढे चालू आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. सनदेचे ३५ वे कलम सदस्य नसलेल्या 'स्टेट'लाही दाद मागू देते. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थांबावे. इंग्रजीत संस्थानही 'स्टेट' आणि स्वतंत्र देशही 'स्टेट'. मराठीने 'संस्थान' म्हणताच निम्मा निकाल देऊन टाकलेला असतो. मोईन नवाज जंग यांचा दावा या संदिग्धतेवर उभा होता, तर भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार तिलाच आव्हान देत होते. परिषदेने अधिकारितेचा प्रश्न न सोडविता ८ विरुद्ध ० मतांनी विषय चर्चेला घेतला. तीन सदस्य तटस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी हैदराबादने शरणागती पत्करली आणि २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतली. ती दबावाखाली घेतली गेली, असे शिष्टमंडळ म्हणू लागले. मग प्रश्न उरला तो हा: राजानेच नाकारलेला दूत कोणाचा?

त्याच सप्टेंबरात लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यात वळविलेल्या सुमारे दहा लाख पौंडांचा वाद तर २०१९ पर्यंत न्यायालयांत चालला. निकाल भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने लागला.

आम्हाला मात्र या कज्जातील एक अनुपस्थिती अधिक बोलकी वाटते. दूत कोणी पाठवावा, यावर दोन सरकारे भांडत होती. ज्यांच्या नावाने ते भांडण चालले होते, त्या प्रजेला दूतच नव्हता. रझाकारांच्या दहशतीत जगणाऱ्या गावांचे म्हणणे निजामाचे शिष्टमंडळ मांडणार नव्हते, आणि स्वामी रामानंद तीर्थ तर तुरुंगात होते. पुढे कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या अत्याचारांची नोंद करणारा पंडित सुंदरलाल समितीचा अहवालही कित्येक दशके अप्रकाशित राहिला. म्हणून हा इतिहास शिकविताना तहांच्या कलमांइतकेच या दोन्ही मौनांचे वाचन व्हायला हवे, असे आम्हाला वाटते.