मॉडेल विमानाचे इंजिन : टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टोकियो खाडीतील भराव टाकून निर्माण केलेले तोयोसु २००२ पर्यंत इशिकावाजिमा-हारिमा कंपनीच्या जहाजबांधणीच्या गोदीसाठी ओळखले जात होते. गोदी बंद झाली आणि तिच्या जागी उंच इमारती, बाजारसंकुल, कार्यालये उभी राहिली. या इमारतींतून आज अनेक भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. लहानपणी बाल्साच्या फळ्या कापून विमाने जुळवण्याची किंवा एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग करण्याची आवड ज्यांना होती, त्यांतील काहींना जपानमध्ये आल्यावर तो छंद पुन्हा खुणावतो. त्याला कारणही आहे. मॉडेल विमानांच्या इंजिनांतील काही सर्वांत नावाजलेली नावे याच देशातील आहेत : ओसाकाचे ओ. एस., चिबा प्रांतातील इचिकावाचे साइतो, टोकियोत सुरू झालेले एन्या आणि स्पर्धकांचे आवडते वाय. एस. दुकानात शिरताच पहिला प्रश्न पुढे येतो तो टू-स्ट्रोक घ्यावे की फोर-स्ट्रोक, हा.

मराठी ग्राहक या प्रश्नाकडे बहुधा रस्त्यावरच्या आठवणींतून पाहतो. आकुर्डीच्या बजाज चेतकमध्ये पेट्रोलसोबत टू-टी ऑइल ओतावे लागे. यामाहा आरएक्स १०० चपळ होती, पण पेट्रोल पीत असे. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ने कमी पेट्रोलमध्ये लांबचा पल्ला गाठून दाखवला आणि पुढे प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक दुचाकी बाजारातून जवळजवळ हद्दपार झाल्या. त्यामुळे टू-स्ट्रोक म्हणजे जुने आणि फोर-स्ट्रोक म्हणजे सुधारलेले, असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. मॉडेल विमानाच्या बाबतीत हे समीकरण लागू पडत नाही. तेथे दोन्ही इंजिनांत तेल इंधनातच मिसळलेले असते, कारण छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. दट्ट्याच्या कडेने खाली उतरणारे तेलच आतील भागांना वंगण पुरवते. आणि गिअरबॉक्स नसल्याने इंजिनाचा खरा जोडीदार असतो तो प्रोपेलर. कोणता प्रोपेलर किती वेगाने फिरवायचा आहे, हे ठरल्यावाचून इंजिनाची निवड ठरत नाही.

यंत्ररचना थोडक्यात अशी. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याच्या प्रत्येक खाली-वर फेरीत, म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात, एकदा स्फोट होतो. झडपा नसतात; सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या दट्ट्याच उघडतो आणि मिटतो. हलणारे मुख्य भाग तीनच : दट्ट्या, त्याला जोडणारा दांडा आणि क्रँकशाफ्ट. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो आणि त्यासाठी कॅमशाफ्ट, ढकलदांडे, रॉकर, स्प्रिंग व दोन झडपा अशी सारी मांडणी लागते. दोन्हींत ठिणगीऐवजी ग्लो प्लग असतो. त्याच्या प्लॅटिनमयुक्त तारेवर मिथेनॉलची रासायनिक क्रिया घडून तार लाल राहते, म्हणून सुरू करतानाची बॅटरी काढून घेतली तरी इंजिन चालू राहते. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट उशिरा-उशिराने होत असल्यामुळे अधिक काळ उष्णता धरून ठेवणारा प्लग लागतो. ओ. एस.चा ‘एफ’ प्लग त्यासाठीच आहे. त्यात टू-स्ट्रोकचा प्लग बसवून इंजिन मंद गतीला बंद का पडते म्हणून कार्ब्युरेटर उसकटत बसणारे नवशिके पुष्कळ असतात.

इंजिनावर छापलेला ४६ किंवा ७२ हा आकडा घनइंचाचा शतांश भाग सांगतो. ४६ म्हणजे ०.४६ घनइंच, सुमारे ७.५ घनसेंटिमीटर, ७२ म्हणजे सुमारे ११.८. हे माहीत नसल्यास मोठी फसगत होते, कारण समान आकड्याची दोन्ही इंजिने समान शक्तीची नसतात. ४० ते ४६ टू-स्ट्रोकसाठी आखलेल्या विमानाला फोर-स्ट्रोक बसवायचे झाल्यास ६५ ते ७२ च्या आसपासचे घ्यावे लागते. किंमतही त्याबरोबर चढते, साधारण दीडपट ते दुप्पट. वजनही थोडे वाढते आणि ते नेमके नाकावर वाढते, त्यामुळे गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा लागतो.

आता प्रोपेलरकडे वळू. ४६ टू-स्ट्रोकला ११×६ हा प्रोपेलर सहज चालतो : व्यास ११ इंच आणि एका फेऱ्यात सैद्धांतिक पुढे सरकणे ६ इंच. तो मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर हे सरकणे ताशी सुमारे ११० किलोमीटर होते. ७२ फोर-स्ट्रोकवर १३×६ प्रोपेलर ९,००० फेऱ्यांनी फिरवला, तर हाच आकडा ताशी ८२ किलोमीटरवर येतो. मात्र मोठे पाते एकावेळी अधिक हवा मागे लोटते. याचा अर्थ असा की हलके, निमुळते, वेगात वळणारे विमान असेल तर टू-स्ट्रोक त्याला शोभतो. आणि जुन्या दुपंखी विमानाची प्रतिकृती, रुंद नाकाचे, हवेचा मोठा विरोध असलेले विमान असेल तर मोठे पाते सावकाश फिरवणारा फोर-स्ट्रोक त्याला खरे खेचतो. टायगर मॉथच्या प्रतिकृतीवर टू-स्ट्रोकचा कर्कश आवाज कानाला खटकतो, तोही याच विसंगतीतून. पण एक अडचण ध्यानात ठेवावी : १३ इंची पात्याला ११ इंचीपेक्षा जमिनीपासून अडीच सेंटिमीटर जास्त उंची लागते. सरावाच्या विमानाचे चाकांचे पाय आखूड असतील तर पहिल्याच उतरणीत पाते गवतात रुतते.

आवाजाचा प्रश्न जपानमध्ये आवडीनिवडीच्या पलीकडचा आहे. अराकावा, तोने यांसारख्या नद्यांच्या पूरपात्रात जी उड्डाणमैदाने आहेत, ती शेजाऱ्यांच्या सहनशक्तीवर टिकून आहेत. एकाच रविवारी कुणी मफलरशिवाय इंजिन फिरवले तर तक्रार जाते आणि मैदान कायमचे हातचे जाऊ शकते. वरील उदाहरणात टू-स्ट्रोक सेकंदाला २०० स्फोट करतो, तर फोर-स्ट्रोक ७५. मानवी कान खालच्या स्वराला कमी संवेदनशील असल्याने दुसरा आवाज दूरवर ‘घुरघुर’ म्हणून पोहोचतो, पहिला ‘किंचाळी’ म्हणून. मात्र फोर-स्ट्रोक आपोआप शांत असतो हा समज अर्धवट आहे. आवाजाचा मोठा वाटा पात्याच्या टोकांचा असतो. ११ इंची पात्याचे टोक १२,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जाते, १३ इंची पात्याचे ९,००० फेऱ्यांना सुमारे १५५. टू-स्ट्रोकवर चांगला मफलर व थोडे मोठे पाते बसवून फेरे कमी केले, तर हे अंतर बरेच भरून निघते. अनेक जाणकार नेमके तेच करतात, आणि पैसे वाचवतात.

जगाच्या स्पर्धांतही आवाजानेच दिशा बदलली. ओ. एस.ने १९७६ मध्ये सुमारे १० घनसेंटिमीटरचे एफएस-६० बाजारात आणले आणि मोठ्या संख्येने बनवलेले फोर-स्ट्रोक प्रथमच सामान्य छंदींच्या हाती आले. वाफेच्या इंजिनांसाठी ओळखले जाणारे साइतो १९७९ मध्ये या क्षेत्रात उतरले. पुढे आंतरराष्ट्रीय कसरत-स्पर्धेच्या नियमांत टू-स्ट्रोकला १० घनसेंटिमीटरची मर्यादा असताना फोर-स्ट्रोकला २० घनसेंटिमीटरची सवलत मिळाली, आणि स्पर्धकांचा ओघ मोठ्या फोर-स्ट्रोककडे वळला. वाय. एस.ने क्रँककेसमधील दाबाचाच उपयोग करून अधिक हवा सिलिंडरमध्ये कोंबणारी इंजिने बनवली. ती जपानी कल्पकतेचा उत्तम नमुना मानायला हरकत नाही. नंतर घनफळाच्या मर्यादा गेल्या आणि आवाज, वजन व आकाराच्या मर्यादा उरल्या. आज त्या स्पर्धेत विजेवर चालणाऱ्या मोटारींचे राज्य आहे, हेही सांगायलाच हवे.

देखभालीत टू-स्ट्रोक क्षमाशील आहे. इंधनाची सुई थोडी चुकली तरी तो धूर ओकत चालतो; फार कोरडा चालवला तर तापून बंद पडतो. फोर-स्ट्रोक कोरडा चालवल्यास उलटा झटका देतो आणि त्या झटक्यात प्रोपेलर सैल होऊन उडू शकतो. म्हणून त्यावर दुहेरी नट असतो; तो न कसता इंजिन सुरू करणे म्हणजे समोरच्या माणसाच्या जिवाशी खेळ. सिलिंडरमध्ये इंधन साचले असताना विजेच्या स्टार्टरने जोर लावल्यास आतला दांडा वाकतो, तेव्हा आधी हाताने फिरवून अडथळा नाही ना, हे पाहावे. सुरुवातीच्या काही उड्डाणांनंतर झडपांची फट तपासावी लागते, ओ. एस.च्या इंजिनांना ती ०.०४ ते ०.१० मिलिमीटर ठेवावी असे सांगितले जाते. काम अवघड नाही, पण सवड हवी. दोन्ही प्रकारांत दिवसअखेर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जाळून, आत गंजरोधक तेलाचे थेंब सोडणे आवश्यक आहे. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि टोकियोचा जूनमधला पावसाळी दमटपणा बेअरिंग गंजवण्यात कोकणाला हार जात नाही. फोर-स्ट्रोकच्या कॅमशाफ्टपर्यंत गंज पोहोचला की दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. महिन्यातून एकदाच मैदानावर जाणाऱ्याने हा मुद्दा किमतीपेक्षा वरचा धरावा.

इंधन हा तोयोसुत राहणाऱ्याचा खरा घोर. मॉडेल इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल, साधारण १८ ते २० टक्के एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन असते. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. जपानच्या अग्निशमन कायद्यात ते व पेट्रोल दोन्ही धोकादायक पदार्थांत मोडतात. तेराव्या-चौदाव्या मजल्यावरील घराच्या बाल्कनीत त्याचे डबे रचणे इमारतीच्या नियमांतही बसत नाही आणि शहाणपणातही. फोर-स्ट्रोक कमी इंधन घेतो, म्हणजे कमी साठवावे लागते. हा त्याचा शहरी गुण क्वचितच कुणी मोजतो. २० घनसेंटिमीटरच्या पुढे ठिणगीवर चालणारी पेट्रोल इंजिने दोन्ही प्रकारांत मिळतात आणि त्यांचे इंधन स्वस्त पडते, पण २०२० च्या फेब्रुवारीपासून पंपावर डब्यात पेट्रोल घेताना ओळखपत्र व वापराचे कारण विचारले जाते, प्लास्टिकचा साधा डबा चालत नाही आणि रेल्वेतून पेट्रोल नेता येत नाही. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने पेट्रोल इंजिनाचा विचार सोडलेला बरा.

उड्डाणाचे नियम इंजिन पाहत नाहीत, वजन पाहतात. २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम व त्याहून जड प्रत्येक मानवरहित विमानाची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्यात छंदाची विमानेही आली. घनवस्तीच्या भागावर परवानगीशिवाय उडवता येत नाही. तोयोसु तर पूर्णपणे घनवस्तीत मोडते. मेट्रोने पुढे शिन-किबाला गेल्यास टोकियोचा हेलिपोर्ट लागतो आणि खाडीपलीकडे हानेदा विमानतळ आहे. भारतातून किंवा अमेरिकेतून आणलेल्या रेडिओ संचावर जपानी तांत्रिक मान्यतेचे चिन्ह नसेल, तर तो वापरणेही बेकायदा ठरते. म्हणून आधी नदीकाठच्या एखाद्या मंडळाचे सदस्यत्व घ्यावे, तेथील आवाजाची मर्यादा विचारावी आणि मगच इंजिन विकत घ्यावे. काही मैदानांवर केवळ विजेची विमाने चालतात. तेथे हा सारा प्रश्नच उरत नाही.

या साऱ्यातून एक व्यावहारिक क्रम निघतो. पहिले विमान, पहिले इंजिन आणि शिकवायला मंडळातील कुणीतरी, अशी स्थिती असेल तर चांगल्या मफलरसह ४६ टू-स्ट्रोक घ्यावे. शिकताना विमान नाकावर आदळणारच, आणि तीन भागांचे इंजिन चिखलातून काढून धुता येते. दुसऱ्या वर्षी, हात बसल्यावर, प्रतिकृतीचे विमान मनात असेल किंवा मैदान आवाजाबाबत कडक असेल तर फोर-स्ट्रोक. जुन्या वस्तूंच्या जपानी बाजारात साइतो आणि ओ. एस.ची इंजिने चांगल्या अवस्थेत मिळतात; घेताना प्रोपेलर हाताने हळू फिरवून दाब जाणवतो का आणि बेअरिंगमधून खरखर येते का, एवढे तरी पाहावे.

सुट्टीत घरी पुण्याला किंवा नाशिकला इंजिन न्यायचे असेल, तर ते न वापरलेले, मूळ खोक्यातले असलेले बरे. इंधनाचा अंश राहिलेले इंजिन विमान कंपन्या धोकादायक वस्तूंत गणतात आणि नुसत्या वासावरूनही सामान अडवले जाऊ शकते. इंधन तर नेताच येत नाही. महाराष्ट्रात मिथेनॉलच्या विक्रीवर विषारी पदार्थांसाठीचे निर्बंध आहेत, त्यामुळे ते तेथे कोण पुरवणार, याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच झालेली असावी.