लिपी बदलताना गाणे जपावे

पाश्चात्त्य स्वरलिपी संगणकावर लिहिण्यासाठी १९८८ साली अमेरिकेत ‘फिनाले’ ही प्रणाली आली. पुढील पस्तीस वर्षांत कितीतरी रचनाकारांचे व गायकवृंदांचे लेखन तिच्यात साठले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी निर्मात्यांनी तिचा विकास थांबविल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना ‘डोरिको’ या दुसऱ्या प्रणालीकडे वळण्यास सुचविले. जुन्या संगणकावर फिनाले चालते. उद्याच्या संगणकावर ती चालेलच असे नाही. मग तिच्यात लिहिलेल्या गीतांचे काय? प्रश्न आजचा वाटतो, परंतु तो हजार वर्षांचा आहे.

दहाव्या शतकात युरोपातील मठवासी प्रार्थनागीतांच्या शब्दांवर लहान खुणा करीत. चाल चढते की उतरते एवढेच त्या सांगत. नेमका स्वर गायकाच्या स्मरणात असे. अकराव्या शतकात अरेझ्झोच्या ग्विदो या बेनेडिक्टाइन संन्याशाने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रुजविली आणि रोमन उपासनेच्या चाली हळूहळू नव्या लिपीत उतरल्या. स्पेनमधील प्राचीन मोझारबी उपासनेला हे भाग्य लाभले नाही. १०८० च्या सुमारास तेथे रोमन विधी लागू झाला व जुना विधी मागे पडला. त्याच्या हजारो चाली हस्तलिखितांत आहेत. पण स्वरांची उंची दाखविणाऱ्या लिपीत वेळेवर उतरल्या त्या जेमतेम वीस-पंचवीस. बाकीच्या निश्चितपणे कशा गाव्यात, हे आज कोणालाही सांगता येत नाही. ग्रंथ टिकले, गाणे मुके झाले.

महाराष्ट्रानेही दोन स्वरलिपी पाहिल्या. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची एक, पं. विष्णु नारायण भातखंडे यांची दुसरी. पलुस्करांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखविते. भातखंड्यांच्या लिपीत तेच टिंब तार सप्तकाचे. टिंब जसेच्या तसे उतरविणारा लेखनिक गाणे दोन सप्तके दूर नेईल. लिपी बदलताना खूण नव्हे, तिचा अर्थ न्यावा लागतो.

संगणकांमध्ये हे दुभाष्याचे काम २००४ पासून ‘म्युझिक एक्सएमएल’ करते. स्वर, कालमात्रा व शब्द ते एका प्रणालीतून दुसरीत नेते. पानाची मांडणी मात्र पूर्णपणे येत नाही. मराठी गीतांना आणखी एक धोका आहे. पूर्वीच्या अनेक टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. असा टंक नसलेल्या संगणकावर स्वरांखालचे शब्द निरर्थक चिन्हे होऊन बसतात.

माहूरच्या रेणुकेचे गोंधळी आपले गाणे पिढ्यान्‌पिढ्या मुखातून मुखात देत आले. त्यांच्या परंपरेचा आधार कागद नव्हे, शिकविणारा माणूस. आपल्या गायकवृंदांनीही हे ध्यानात घ्यावे. ज्यांची गीते फिनालेमध्ये आहेत त्यांनी ती प्रणाली चालू असतानाच प्रत्येक गीताची एक प्रत म्युझिक एक्सएमएलमध्ये व एक कागदावर काढावी. मग ते गीत मुखोद्गत असलेल्या वडीलधाऱ्यांपुढे नवी प्रत ठेवून ती एकदा गाऊन घ्यावी. स्वर किंवा शब्द कोठे चुकला हे संगणक सांगणार नाही. त्या सांगतील, आणि त्यांच्याकडून ते आजच ऐकून घेतले पाहिजे.