मार्शलच्या एपिग्राममधील रोम

‘एपिग्राम’ हा लघुकाव्यप्रकार मूळचा ग्रीकांचा असून त्या शब्दाचा अर्थच ‘कोरलेला मजकूर’ असा आहे. थडग्यावर किंवा देवाला वाहिलेल्या वस्तूवर जागा अपुरी असल्याने मोजक्या शब्दांत सर्व काही बसवण्याची जी सवय लागली, तीच पुढे या प्रकाराची शिस्त झाली. लॅटिनमध्ये कातुलस या कवीने तो आधीच हाताळला होता, परंतु रोममधील रोजचे जगणे हाच त्याचा मुख्य विषय केला तो मार्कस व्हालेरियस मार्तिआलिस, म्हणजेच आज मार्शल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीने. इ. स. 40 च्या सुमारास हिस्पानियातील (आजच्या स्पेनमधील) बिल्बिलिस या गावी जन्मलेला हा कवी 64 मध्ये रोमला आला आणि सुमारे 34 वर्षे तेथे राहिला.

या कवितांमागचे अर्थकारण समजून घेतल्याखेरीज त्यांतील बोचरेपणा उमगत नाही. रोममधील ‘क्लिएन्स’ म्हणजे आश्रित माणसाला भल्या पहाटे टोगा हे जड लोकरी वस्त्र अंगावर घेऊन आश्रयदात्याच्या दारी मुजऱ्याला जावे लागे, आणि त्या बदल्यात ‘स्पोर्तुला’ मिळे. या शब्दाचा मूळ अर्थ लहान टोपली. पूर्वी तीत शिधा दिला जाई, नंतर त्याऐवजी 100 क्वाद्रान्स, म्हणजे सर्वांत हलकी तांब्याची नाणी, हातावर ठेवली जाऊ लागली. मार्शल स्वतः याच रांगेतला होता, कारण त्या काळी ग्रंथस्वामित्वाचा कायदा नसल्याने पुस्तक कितीही खपले तरी कवीच्या पदरी काही पडत नसे. एका कवितेत पुस्तक फुकट वाचायला मागणाऱ्या गृहस्थाला तो आर्गिलेतुम या पेठेतील आत्रेक्तसच्या दुकानाची वाट दाखवतो. दुकानाच्या दारावर कवींची नावे लिहिलेली आहेत, घासून गुळगुळीत केलेली प्रत तेथे 5 दिनारांना मिळते, असे तो सांगतो. ही किंमत तीन दिवसांच्या स्पोर्तुलेहून अधिक होती.

रस्त्याचे चित्र तर अधिकच जिवंत आहे. सम्राट दोमितियनने दुकानांचे रस्त्यावरील अतिक्रमण हटवले, तेव्हा लिहिलेल्या कवितेत खांबांना साखळीने बांधलेले मद्याचे चंबू, गर्दीत उघडा वस्तरा चालवणारा न्हावी आणि चिखल तुडवत जाणारा मोठा अधिकारी दिसतो. आता खाटीक, खानावळवाला, न्हावी आपापल्या उंबऱ्याआत राहतील, असा त्या कवितेचा आशय आहे. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत असा रस्ता क्वचितच सापडतो.

तरीही या कविता जशाच्या तशा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाहीत. माणसांना वगळून दोषांवरच बोट ठेवण्याचा दावा करणाऱ्या या कवीने बहुतेक नावे कल्पित घेतली आहेत, स्त्रियांची व शारीरिक व्यंगाची त्याने केलेली टिंगल क्रूर आहे, आणि ज्या दोमितियनची त्याने अतोनात स्तुती केली, त्याच्या 96 मधील हत्येनंतर त्यालाच दूषणे दिली. हा डाग पुसता येणारा नाही. मात्र वयाची सहा वर्षे पूर्ण व्हायला सहा दिवस असताना वारलेल्या एरोतियोन या दासकन्येवरची त्याची कविता वाचताना उपहासकाराच्या हातून इतकी हळुवार ओळ कशी उतरली, याचे आश्चर्य वाटते. तेथे तो पाताळातील आपल्या मृत आईवडिलांना या घाबरलेल्या मुलीला सांभाळा, अशी विनवणी करतो.

98 च्या सुमारास तो बिल्बिलिसला परतला, तेव्हा प्रवासखर्च रोमन लेखक धाकट्या प्लिनीने दिला. काही वर्षांनी त्याच्या निधनाची बातमी कळल्यावर लिहिलेल्या पत्रात प्लिनीने या कविता टिकतीलच असे नाही, हे मान्य केले, पण त्या टिकाव्यात याच भावनेने कवीने त्या लिहिल्या, असेही नोंदवले. आज मार्शलच्या 1,500 हून अधिक एपिग्राम उपलब्ध आहेत.