निरोपाची साक्ष : वर्गणी बंद करणारे खेळाडू आणि ऑनलाइन खेळांच्या कंपन्या

मासिक वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याही व्यवसायात नवा वर्गणीदार मिळविण्याइतकेच जुना वर्गणीदार टिकविणे महत्त्वाचे असते. वर्तमानपत्रे, ग्रंथालये, दूरध्वनी कंपन्या ह्या सर्वांस हा अनुभव आहे. तथापि ऑनलाइन खेळांच्या बाबतीत ह्या प्रश्नास एक निराळे परिमाण प्राप्त झाले. ह्या खेळांत सहस्रावधी माणसे एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरतात. तेथे संघ बांधतात, व्यापार करतात, युद्धे खेळतात. ग्रंथालयाचा एक सभासद कमी झाल्याने उरलेल्यांच्या वाचनात फरक पडत नाही; येथे मात्र प्रत्येक जाणारा उरलेल्यांच्या जगातून काही तरी घेऊन जातो. म्हणून तो का गेला, हे जाणून घेण्याची निकड कंपन्यांस विशेष भासली. त्यासाठी गेल्या सुमारे तीस वर्षांत जे मार्ग अवलंबिले गेले, त्यांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, प्रत्येक मार्गाने जाणाऱ्याच्या सांगण्यातील तेवढाच भाग ऐकला, जेवढा त्या मार्गाच्या रचनेत मावत होता.

प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की, ‘वर्गणी बंद करणे’ ही घटनाच मुळात एका विशिष्ट आर्थिक व्यवस्थेतून जन्माला आली. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी रचलेला ‘मड’ हा अशा खेळांचा आद्य पूर्वज होय. तो विद्यापीठाच्या संगणकावर चाले व त्यास वर्गणी नव्हती. पुढे १९८०नंतरच्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांवर जे खेळ आले, त्यांत तासागणिक आकार पडे. अशा व्यवस्थेत जो खेळावयास आला नाही, त्याने पैसे दिले नाहीत, इतकेच. त्याच्या जाण्याला निश्चित तिथी नव्हती आणि म्हणून त्याबद्दल विचारण्याचा क्षणही नव्हता. १९९६ साली ‘मेरिडियन ५९’ आणि सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ हे खेळ मासिक वर्गणी घेऊन बाजारात आले. ‘अल्टिमा ऑनलाइन’ची वर्गणी दरमहा ९.९५ डॉलर होती. ह्या पद्धतीत खेळाडू खेळो वा न खेळो, पैसे जातच राहतात; ते थांबवावयाचे तर त्यास स्वतः काही कृती करावी लागते. जाणे ही आता नोंद होणारी, दिनांक असलेली घटना बनली, आणि त्या घटनेच्या उंबरठ्यावर प्रश्न विचारण्याची सोय झाली.

‘अल्टिमा ऑनलाइन’च्या पहिल्या वर्षांतच ह्या प्रश्नाचे गांभीर्य उघड झाले. त्या जगात कोणासही कोणाची हत्या करून त्याची मालमत्ता लुटता येत असे. नवखा खेळाडू वेशीबाहेर पडताच मारला जाई आणि त्याचे सामान हिरावले जाई. ह्या स्वातंत्र्याची थोरवी गाणारे लोक बहुधा टिकून राहिलेले, अनुभवी आणि बोलके असत. ज्यांना ते असह्य झाले, ते मुकाट्याने निघून जात. अखेर २००० साली ‘रेनेसान्स’ ह्या विस्ताराच्या द्वारे कंपनीने जगाची दोन प्रतिरूपे केली : ‘फेलुका’त जुने नियम कायम ठेवले आणि ‘ट्रॅमल’मध्ये संमतीवाचून होणाऱ्या हत्येस बंदी घातली. ह्या निर्णयावर जुन्या खेळाडूंत आजही वाद होतो. वादाचा निकाल काहीही लागो, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जे खेळत राहिले त्यांच्या मतांवरच सर्वस्वी विसंबून राहिले असता, जे गेले त्यांचे मत कधीच कळले नसते.

ह्या अवस्थेचे तात्त्विक विवेचन अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ ह्या ग्रंथात केले होते. संस्थेचा ऱ्हास होऊ लागला म्हणजे तिच्या ग्राहकांपुढे दोन वाटा असतात : निघून जाणे, अथवा राहून गाऱ्हाणे मांडणे. हर्शमन यांना हा विचार नायजेरियातील रेल्वेच्या उदाहरणावरून सुचला. मालमोटारींची वाहतूक उपलब्ध होताच रेल्वेचे चोखंदळ ग्राहक तिकडे गेले, आणि ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेस सुधारणेला भाग पाडले असते, असे लोकच तिच्यापाशी उरले नाहीत. निर्गमनाने संस्थेस इशारा मिळतो, परंतु तो मुका असतो. गाऱ्हाणे बोलके असते, परंतु ते राहणाऱ्याचे असते. वर्गणी रद्द करतानाची प्रश्नावली म्हणजे ह्या दोहोंची सांगड घालण्याचा, मुक्या इशाऱ्यास वाचा देण्याचा प्रयत्न होय.

ह्या प्रश्नावलीचे रूप बहुतेक ठिकाणी सारखेच असते. खाते बंद करू इच्छिणाऱ्यापुढे कारणांची यादी येते : वेळ मिळत नाही, पैसे परवडत नाहीत, खेळ कंटाळवाणा झाला, तांत्रिक अडचणी येतात, मित्रांनी खेळ सोडला, दुसरा खेळ आवडला. काही ठिकाणी शेवटी मोकळी जागा ठेवलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकास अशा कागदाची परीक्षा कशी करावी, हे निराळे सांगावयास नको. यादी कंपनीने तयार केलेली असल्यामुळे तिच्यात कंपनीस आधीच ठाऊक असलेली कारणेच असतात. उत्तर देणारा घाईत असतो आणि त्या उत्तरातून त्यास काही मिळावयाचे नसते. शिवाय ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर सौजन्याचे आहे. निमंत्रण नाकारताना सामान्यतः जे सांगितले जाते, तेच येथेही सांगितले जाते. त्याच माणसास वर्षभरापूर्वी दररोज चार तास मिळत होते, ही गोष्ट त्या उत्तरात येत नाही.

दुसरी अडचण अशी की, कारण विचारणे आणि जाणाऱ्यास थोपविणे ही दोन कामे पुष्कळदा एकाच टेबलावर चालत. दूरध्वनीवरून वर्गणी रद्द करावी लागे, त्या काळात हे विशेष दिसून येई. ऑनलाइन खेळांच्या आरंभकाळात ज्या सेवेवर पुष्कळ लोक ते खेळत, त्या अमेरिका ऑनलाइन कंपनीविषयी न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याकडे ह्याच स्वरूपाच्या तक्रारी आल्या. ग्राहकास रोखून धरणाऱ्या नोकरांस तेथे बक्षीस मिळत असे. २००५ साली कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून व कार्यपद्धती बदलण्याचे मान्य करून ते प्रकरण मिटविले. जेथे कारण सांगताच त्यावर उतारा म्हणून सवलत पुढे केली जाते, तेथे माणूस खरे कारण सांगण्याऐवजी ज्यावर उतारा नाही असे कारण सांगतो. अशा साक्षीचे मोल किती, हे उघड आहे.

कंपन्यांबाहेर राहून ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांत निक यी यांचे कार्य उल्लेखनीय आहे. १९९९ पासून २००९ पर्यंत चाललेल्या ‘डीडलस’ प्रकल्पात त्यांनी सहस्रावधी खेळाडूंना स्वतःच्या शब्दांत उत्तरे देण्यास सांगितले. त्यांतून खेळाडूच्या आयुष्यक्रमाचे एक चित्र उभे राहिले : प्रवेश, सराव, प्रावीण्य, आणि मग थकवा. प्रावीण्याबरोबर संघातील जबाबदाऱ्या वाढतात, करमणुकीचे रूपांतर नोकरीसारख्या कर्तव्यात होते आणि माणूस उबगतो. हे कारण एका दिवसाचे नाही. ते महिनोन्महिने साचत गेलेले असते; म्हणून शेवटच्या दिवशी दिलेल्या यादीतील कोणत्याही एका चौकटीत ते बसत नाही.

प्रश्नावलीच्या ह्या मर्यादांमुळे काही कंपन्यांचा कल विचारण्याकडून पाहण्याकडे वळला. खेळाडूची प्रत्येक हालचाल सर्व्हरवर नोंदली जातेच. मग त्याच्या बोलण्यावर विसंबावे कशाला, असा हा विचार होता. २००९ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटच्या ‘एव्हरक्वेस्ट २’ ह्या खेळाच्या नोंदींवरून गळतीचे पूर्वानुमान करण्याची एक पद्धत मांडली. खेळाडूच्या सोबत्यांचे वर्तन हिशेबात घेतले असता हे अनुमान सुधारते, असे त्यांस आढळले. एक गेला की त्याच्या जवळचे जाण्याचा संभव वाढतो, ही गोष्ट नोंदींनी दाखविली. २०१७ साली कोरियातील एनसीसॉफ्ट कंपनीच्या ‘ब्लेड अँड सोल’ ह्या खेळाच्या नोंदींवर अशाच पूर्वानुमानाची स्पर्धा घेण्यात आली. त्या सुमारास तो खेळ वर्गणी सोडून विनामूल्य झाला होता. विनामूल्य खेळात रद्द करावयास काही नसते. म्हणून पाच आठवडे जो फिरकला नाही तो गेला, असे तेथे मानावे लागले. तासागणिक आकाराच्या काळात जाण्याला तिथी नव्हती. विनामूल्य खेळांच्या काळात ती पुन्हा नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर प्रश्न विचारण्याचा क्षणही गेला.

पाहणे आणि ऐकणे ह्यांतील संघर्ष सर्वांत ठळकपणे दिसला तो आइसलंडमधील सीसीपी ह्या कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ ह्या खेळात. २००३ साली सुरू झालेल्या ह्या खेळात २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेली एक सल्लागार परिषद अस्तित्वात आहे. जून २०११ मध्ये कंपनीने आणलेल्या एका विस्तारात केवळ शोभेच्या वस्तू जबर किमतीस विकावयास ठेवल्या. त्यांतील एका एकडोळी चष्म्याची किंमत साठ डॉलरांहून अधिक होती. खेळाडू संतापले. त्याच सुमारास कंपनीच्या प्रमुखाचे एक अंतर्गत पत्र बाहेर फुटले. खेळाडू काय बोलतात यापेक्षा ते काय करतात, इकडे अशा वेळी पाहावे, असा त्याचा आशय होता. खेळाडूंनी मग खेळातील एका स्मारकावर तोफा डागून निषेध केला आणि अनेकांनी वर्गण्या बंद केल्या. म्हणजे बोलूनही दाखविले आणि करूनही दाखविले. परिषदेस तातडीने रेक्याविक येथे बोलावण्यात आले. ऑक्टोबरमध्ये प्रमुखाने जाहीर माफी मागितली, आणि त्याच महिन्यात कंपनीने सुमारे एक पंचमांश नोकर कमी करून आपले लक्ष पुन्हा मूळ खेळावर केंद्रित केले. केवळ कृती पाहणाऱ्यास कृतीचा अर्थ कळतोच असे नाही, आणि तो कळेपर्यंत त्याची किंमत वर्गणीदारांबरोबर नोकरवर्गासही मोजावी लागते, हा ह्या प्रकरणाचा बोध होय.

याउलट उदाहरण जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचे आहे. सप्टेंबर २०१० मध्ये निघालेला ‘फायनल फँटसी १४’ हा खेळ इतका फसला की, डिसेंबरमध्ये कंपनीने क्षमा मागून निर्माता बदलला आणि वर्गणी घेणेच थांबविले. नवे निर्माते नाओकी योशिदा यांनी खेळाडूंची मतचाचणी घेतली आणि जाहीर पत्रांतून त्यांच्याशी संवाद ठेवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने जग बंद करण्यात आले व ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने रचलेला खेळ सुरू झाला. तो आजही चालू आहे. येथे विचारणा निरोपाच्या दाराशी झाली नाही. ती अद्याप आत असलेल्यांकडे, आणि मुख्य म्हणजे वर्गणीचा तगादा बाजूस ठेवून झाली.

जाणाऱ्याच्या साक्षीचे आणखी एक रूप ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या इतिहासात आढळते. २००४ साली सुरू झालेल्या ह्या खेळाचे वर्गणीदार ऑक्टोबर २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर पोहोचल्याचे कंपनीने जाहीर केले होते. सप्टेंबर २०१५ अखेर ती संख्या पंचावन्न लाखांवर आली, आणि त्यानंतर ती प्रसिद्ध करणे कंपनीने सोडून दिले. खेळाचे आरंभीचे रूप पुन्हा मिळावे, अशी इच्छा २०१३ साली एका जाहीर मेळाव्यात प्रकट झाली, तेव्हा जे. ॲलन ब्रॅक ह्या अधिकाऱ्याने ती खरी इच्छा नव्हेच, अशा अर्थाचे उत्तर दिले. दरम्यान काही चाहत्यांनी परवानगीवाचून ‘नॉस्टॅल्रियस’ नावाचा सर्व्हर चालवून ते जुने रूप जिवंत ठेवले होते. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यामुळे तो बंद पडला, तेव्हा निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच ब्रॅक यांनी जुन्या रूपाची अधिकृत घोषणा केली व ऑगस्ट २०१९ मध्ये ते सुरू झाले. गेलेले लोक कोठे गेले, हे पाहिल्यावरच ते का गेले, याचा एक भाग कळला. जी वस्तू कंपनीच्या कल्पनेतच नव्हती, ती तिच्या प्रश्नावलीत येण्याचा संभव नव्हता.

अलीकडे ह्या विषयात कायद्यानेही प्रवेश केला आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१८ पासून, जो ऑनलाइन वर्गणीदार झाला त्यास ऑनलाइनच बाहेर पडता आले पाहिजे, असा नियम लागू झाला. जर्मनीत जुलै २०२२ पासून वर्गणी रद्द करण्याचे स्पष्ट बटण देणे बंधनकारक आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तशाच स्वरूपाचा नियम केला. परंतु जुलै २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने कार्यपद्धतीतील दोषावरून तो रद्द ठरविला. बाहेर पडणे सोपे झाले म्हणजे प्रश्न विचारण्याची संधी कमी होते, हे खरे. परंतु ज्यास दार मोकळे आहे, त्याने थांबून दिलेले उत्तर अडवून घेतलेल्या उत्तरापेक्षा अधिक विश्वसनीय असते, हेही तितकेच खरे.

एकंदरीत पाहता प्रश्नावली, नोंदी, निर्वाचित परिषद आणि मतचाचणी ह्यांपैकी कोणतेही एक साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकलेले नाही. नोंदी माणूस केव्हा गेला हे अचूक सांगतात, प्रश्नावली त्याने काय सांगणे पसंत केले ते सांगते, आणि परिषद जे राहिले त्यांची बाजू मांडते. ह्या तिहींतील विसंगती हीच अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सामग्री होय. दुर्दैवाने तिचा फार मोठा भाग कंपन्यांच्या खाजगी दप्तरांत आहे, आणि खेळ बंद पडला की ते दप्तर राहीलच याची शाश्वती नाही. जी जगे लक्षावधी माणसांनी वर्षानुवर्षे वसविली, त्यांच्या उजाड होण्याचा इतिहास उद्या लिहावयाचा झाल्यास त्यासाठी जाणाऱ्यांची मूळ उत्तरे जपून ठेवणे अवश्य आहे. केवळ त्यांची गोळाबेरीज त्या कामी पुरी पडणार नाही.