सर्वनाम आणि लिंगभाव : दोन मराठी आत्मकथनांच्या संदर्भात

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे आत्मकथन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा निर्देश त्या 'स्वतः' असा करतात. पतीचे नाव न उच्चारण्याच्या तत्कालीन संकेताचाच हा परिणाम होय. १९३८ च्या इंग्रजी अनुवादाला तर 'हिमसेल्फ' हेच शीर्षक लाभले! उलटपक्षी, पतीने पत्नीस एकेरीत संबोधणे रूढ होते. सर्वनाम व्यक्ती निवडीत नसे, नाते ते ठरवीत असे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचा आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. आज आपले सर्वनाम आपणच सांगावे असा आग्रहही धरला जातो. तो परकीय म्हणून झटकणे सोपे आहे. मराठीत तो पाळणे मात्र कठीण. 'मी' या सर्वनामाला लिंगभेद नसला, तरी 'जातो', 'जाते' या क्रियारूपांतून बोलणाऱ्याचे लिंग प्रकट होतेच. नपुंसकलिंगी 'ते' स्वीकारावे, तर ते निर्जीव वस्तूसही लागते. आदरार्थी पुल्लिंगी रूपही नेमके तेच! लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२ मधील आत्मकथनाचे शीर्षक या संदर्भात लक्षणीय वाटते : 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' त्यात क्रियापदच नाही.