गर्दच्या दिवसांतली शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ऐंशीच्या दशकात पुण्यामुंबईत ‘गर्द’ आलं, तेव्हा त्याला तोंड कसं द्यायचं हे फार थोड्यांना ठाऊक होतं. दारू घरोघरी माहीत होती. पण कॉलेजात जाणारा मुलगा पन्नीवर तपकिरी पूड तापवून धूर ओढतो, त्यासाठी घरातली भांडी विकतो, हे आईबापांच्या कल्पनेतही नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. मुलगा दिसेनासा झाला की हजेरीपटावरून त्याचं नाव कमी होई. पुढे काय करायचं, हे प्राचार्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

१९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. त्यात शिक्षा कडक होत्या, उपचार केंद्रं काढण्याची तरतूदही होती. इमारत सरकार देईलही. पण आत काम करणारी माणसं आणायची कुठून?

पुण्यात याचं एक उत्तर मिळालं. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी १ लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. सूत्रं होती तिथल्या मनोरुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्याकडे. देणगीची गोष्ट सगळ्यांना आठवते. मला त्यापुढची अधिक मोलाची वाटते.

गर्द सुटताना होणाऱ्या यातनांना ही मुलं ‘टर्की’ म्हणत. ती औषधांनी काही दिवसांत आटोक्यात येते. पण घरी गेल्यावर जुना मित्र कोपऱ्यावर उभाच असतो, त्याचं काय? मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेले मित्रच समुपदेशक झाले. नव्या मुलाने थाप मारली की समोरच्याला ती लगेच कळे, कारण त्याने स्वतः तीच थाप कधीतरी मारलेली असे! एका व्यसनीला दुसऱ्याने सावरायचं, ही कल्पना अमेरिकेत १९३५ सालीच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने रुजवली होती. तरी पदवीपुढे मान तुकवणाऱ्या आपल्या समाजात, अशा माणसांच्या हाती इतरांची मुलं सोपवणं हे धाडसच म्हणायचं.

अनिताताई १९९७ साली गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. केंद्र सरकारच्या योजनेतून मुक्तांगण प्रशिक्षण केंद्रही झालं, इतर संस्थांचे कार्यकर्ते तिथे शिकू लागले.

व्यसनं मात्र बदलत राहिली. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. हुंगायचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन वगैरे, घेणाऱ्यांचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के निघालं. मुलांनी मोठ्यांना मागे टाकलं आहे ते फक्त याच नशेत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण सोल्युशनची ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते.

फलाटावरच्या अशा मुलाला घेऊन कुणी आई समुपदेशकाकडे येत नाही. त्याला भेटतो तो पाटी-पेन्सिलीची पिशवी घेऊन शाळा भरवणारा एखादा तरुण कार्यकर्ता. गुंगी उतरली की ते मूल चिडतं, रडतं, पळून जातं. दुसऱ्या दिवशी ते परत येतं, तेव्हा त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे या कार्यकर्त्याला कुणीतरी शिकवायला हवं आहे.